रद्दीत निघालेला नव्याचा सण

जुना कागद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन मोठे छापील कागद सापडले. दोन हिब्रूतले आहेत. आमची मोठी आत्या १९५३ साली इस्राएलला गेली, तिने ते टपालाने पाठवले होते. एकावर रोपं घेतलेली मुलं आहेत. दुसऱ्यावर सात फांद्यांच्या दिव्याची मुद्रा आणि आतषबाजी आहे. घरात सगळे म्हणतात की हे १९४८ चं, देश स्थापन झाला त्या दिवसाचं पोस्टर. तिसरा कागद मराठी आहे, आपल्याच सणांच्या प्रार्थनेच्या वेळांचा. तो फाटलाय, साल असलेला कोपराच गेलाय, म्हणून रद्दीत काढून ठेवलाय. हिब्रू पोस्टरं खरी आहेत का, आणि कशी जपायची? तिन्हींचे फोटो पाठवतो आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी एक काम करा. तो मराठी कागद रद्दीतून बाहेर काढा आणि मगच पुढचं वाचा.

आता क्रमाने बघू. मुलांच्या पोस्टरवर खाली डाव्या बाजूला चार हिब्रू अक्षरं आहेत, शेवटच्या अक्षराआधी दोन बारीक रेघा. ते साल आहे. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते. ताव म्हणजे ४००, शिन ३००, योद १०, दालेत ४. बेरीज ७१४. पाच हजार लिहायची पद्धत नाही, ते मनात धरायचे, म्हणजे यहुदी साल ५७१४. या तीन आकडी बेरजेत १२४० मिळवले की इंग्रजी साल मिळतं : १९५४. एक काळजी घ्यायची. यहुदी वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे कागद त्या सुमारापासून डिसेंबरपर्यंतच्या सणाचा असेल तर एक वर्ष कमी करायचं. तुमचा कागद तू-बिश्वातचा, म्हणजे झाडांच्या नववर्षाचा आहे. तो सण जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणून १९५४ बरोबर. आत्या जाऊन वर्षही झालं नसेल किंवा नुकतंच झालं असेल.

या सणाच्या नावातही तोच हिशोब आहे. ‘तू’ म्हणजे तेत आणि वाव, ९ अधिक ६, पंधरा. श्वात महिन्याची पंधरावी तिथी. सरळ हिशोबाने १० अधिक ५ लिहायला हवं होतं, पण ती दोन अक्षरं शेजारी आली की देवाच्या नावासारखी दिसतात, म्हणून टाळतात. सोळालाही तसंच. १९५५ च्या पोस्टरवर शेवटी तेत-वाव हीच जोडी दिसेल. नवखा संग्राहक तिथे हमखास अडखळतो.

या दिवशी शाळेतल्या मुलांनी रोपं लावायची चाल १८९० पासूनची. झिख्रोन याकोव या गावात झेएव यावेत्झ नावाचे शिक्षक मुलांना घेऊन झाडं लावायला गेले. पुढे ‘केरेन कायेमेत’ या जमीन-निधीने, जो १९०१ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या झायोनिस्ट अधिवेशनात स्थापन झाला, हा सण उचलून धरला आणि दरवर्षी मुलांची, रोपांची, फावड्यांची चित्रं छापली. आता मला सांगा, त्याच तिथीला आपल्याकडे काय असतं? एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, उरूस. अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाणं, मलिदा, भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. तुमच्या आत्याने ते पोस्टर निवडून पाठवलं तेव्हा तिकडे रोपं लावत होते आणि इकडे तुमच्या आजीने मलिद्याचं ताट भरलं असणार. कागदाच्या मागे आत्याने पेन्सिलीने दोन ओळी मराठीत लिहिल्यात, त्या फोटोत पुसट दिसतात. त्यांना खोडरबर लावू नका, कुणी ‘स्वच्छ करून देतो’ म्हणालं तरी.

दुसरं पोस्टर १९४८ चं नाही. राज्याची घोषणा १४ मे १९४८ ची. पण ती मेनोराची, म्हणजे सात फांद्यांच्या दिव्याची मुद्रा, दोन बाजूंना ऑलिव्हच्या फांद्या, चित्रकार शामीर बंधूंनी काढली आणि ती अधिकृतपणे स्वीकारली गेली फेब्रुवारी १९४९ मध्ये. ज्या कागदावर ती छापलीय तो १९४८ च्या मे महिन्यातला असूच शकत नाही. शिवाय खालची अक्षरं बघा : ताव, शिन, योद, हेत. ७१८. म्हणजे १९५८, स्वातंत्र्याचा दहावा वाढदिवस. घरच्यांना वाईट वाटेल, पण वाटू नये. दहाव्या वर्षाचं पोस्टर पाहायला मिळणं हीही मोठी गोष्ट आहे, आणि ते खरं आहे असं मला फोटोवरून वाटतं.

नक्की करायचं तर दहापट भिंग आणा, घड्याळजीकडे असतं तसं. चित्र सोडा, अक्षरांच्या कडा बघा. त्या काळच्या पोस्टरात अक्षर एकाच शाईने सलग भरलेलं असतं, कड स्वच्छ. जुन्या पोस्टरचा फोटो काढून पुन्हा छापलं असेल तर अक्षरसुद्धा रंगीत ठिपक्यांत फुटतं. मग घडीवरून बोट फिरवा. तुमचा कागद टपालाने आला, म्हणजे त्याला घड्या असणारच, आणि घडीवर कागदाचा तंतू मोडलेला असणार. नकलेत घडीची रेघ चित्राबरोबर छापली जाते. डोळ्याला दिसते, बोटाला लागत नाही. माझे वडील गिरगावात लिथोच्या छापखान्यात होते. कागद हातात आला की ते आधी डोळे मिटून त्यावर बोट फिरवायचे. मी संग्रहालयात अठ्ठावीस वर्षं कागद दुरुस्त केले, पण पहिली परीक्षा अजून तीच करते.

आता तिसरा कागद. माझं मन त्याच्यातच अडकलंय.

कोपरा फाटला, साल गेलं. पण मजकूर शिल्लक आहे : ‘नव्याचा सण, सोमवार ता. ४ अक्टोबर’, आणि खाली ‘दरफळणीचा सण, बुधवार ता. १३’. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, यहुदी नववर्ष. दरफळणीचा म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. रोश हशाना इंग्रजी तारखेने दरवर्षी सरकतो, आणि रविवार, बुधवार, शुक्रवार या वारी तो कधीच येत नाही, पंचांगच तसं बांधलेलं आहे. त्यामुळे वार आणि तारीख दोन्ही हाती असली की साल शोधता येतं. ४ ऑक्टोबरला तो १९१० मध्येही आला होता, पण मंगळवारी. १९८६ मध्ये आला, पण शनिवारी. सोमवारी, ४ ऑक्टोबरला, अख्ख्या विसाव्या शतकात एकदाच आला.

१९४८ साली.

म्हणजे घरात ज्या सालाचा कागद आहे असं सगळे म्हणत होते, तो खरोखरच आहे. फक्त तो मराठीत आहे, कोकणी माणसांनी कोकणी माणसांसाठी छापलेला, आणि तो रद्दीच्या गठ्ठ्यात होता. इस्राएल स्थापन झाल्यानंतरचा तो पहिला नव्याचा सण. हे पोस्टर भिंतीवर लावणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मनात तेव्हा जायचं की राहायचं हा विचार सुरू असेल! वर चार ठिकाणी गंजलेल्या खिळ्यांची भोकं आहेत, म्हणजे तो नुसता छापला नव्हता, लागला होता. ती भोकं बुजवू नका. तिकडच्या सरकारी पोस्टरांच्या प्रती जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयासारख्या ठिकाणी जपलेल्या असतात. ठाण्या-मुंबईच्या, पनवेल-अलिबागच्या मराठी सणपत्रकांच्या किती प्रती उरल्या असतील? सण झाला की ती उतरवली जायची, पुढच्या वर्षी नवी. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा, ही नावंसुद्धा आता घराघरांत बोलली जात नाहीत. छापलेली तर आणखी दुर्मीळ.

जपण्याबद्दल. घड्या एकदम उलगडू नका आणि इस्त्री तर मुळीच नको. कोरड्या दिवशी टेबलावर टिपकागद अंथरा, घडी उघडेल तेवढीच उघडू द्या, वर टिपकागद आणि काचेचं वजन, दोन-तीन दिवसांनी पुढची घडी. पाणी लावू नका. मी नोकरीला नवी असताना मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, एक नववर्षाचं शुभेच्छापत्रक घेतलं होतं, मोठं, लाल चौकटीचं. घड्या सैल व्हाव्यात म्हणून रंगाची चाचणी न करता ओलवलं. लाल शाई सुटून थेट अक्षरांत उतरली. तो कागद मी अजून ठेवलाय आणि आजही बघवत नाही. सपाट झाले की तिन्ही कागद आम्लविरहित पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये, आडवे, लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको. ठाण्याचा पावसाळा बुरशी आणि कसर दोन्ही आणतो. डांबरगोळ्या कागदाला टेकवू नका. भिंतीवर लावायचं असेल तर चांगली छायाप्रत काढून ती लावा.

प्रश्न : मी पुण्यात उपयोजित कला शिकते. मी यहुदी नाही, पण या पोस्टरांची अक्षररचना फार आवडते. संग्रह सुरू करू का? इंटरनेटवर ‘व्हिजिट पॅलेस्टाइन’चं मूळ पोस्टर स्वस्तात मिळतंय. – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : जरूर करा. आवड हा पुरेसा हक्क आहे, फक्त सण कोणता आणि कागदावर काय लिहिलंय ते समजून घ्यायचं.

ते स्वस्त पोस्टर घेऊ नका. ‘व्हिजिट पॅलेस्टाइन’ फ्रान्झ क्राउस यांनी १९३६ मध्ये केलं. ते पर्यटनाचं आहे, सणाचं नाही. १९९५ मध्ये डेव्हिड टार्टाकोव्हर यांनी ते रीतसर पुन्हा छापलं, आणि त्यानंतर त्याच्या नकलांना अंत राहिला नाही. भिंग लावा, अक्षरं बघा.

नवखीने सुरुवात पुरीम या सणाच्या पोस्टरांपासून करावी असं मला वाटतं, कारण रेषा तिथे सगळ्यात मोकळी सुटते. तेल अवीवमध्ये पुरीमची मिरवणूक १९१२ पासून निघू लागली. १९३२ मध्ये तिला ‘अदलोयादा’ हे नाव मिळालं. सणाच्या कथेतल्या दुष्ट हामानला शाप आणि भल्या मोर्दखयला आशीर्वाद यातला फरक कळेनासा होईपर्यंत पिऊन आनंद करावा, या तलमूद या यहुदी धर्मग्रंथातल्या वचनातून ते आलं. आपल्या बेने इस्राएल लोकांनी याच सणाला ‘होळीचा सण’ म्हटलं, दोन्ही एकाच सुमाराला येतात म्हणून. आधी विकत काही घेऊ नका. ‘पॅलेस्टाइन पोस्टर प्रोजेक्ट’चा संग्रह इंटरनेटवर खुला आहे, महिनाभर रोज दहा कागद बघा आणि त्यातली अक्षरं वहीत काढा.

आणि तुम्ही पुण्याच्या आहात, म्हणून एक सांगते. १८७४ मध्ये पुण्यातच एक हग्गादा शिळाछापावर निघाली, हिब्रू आणि मराठी. ते पोस्टर नाही, वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचं पुस्तक आहे. पण त्याच्या सुरुवातीची चित्रं बघा : बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. रविवर्म्याचा छापखाना सुरू व्हायच्या वीस वर्षं आधीची ही रेषा आहे. तिची पुनर्मुद्रित प्रत ग्रंथालयात मागा.

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांनी इस्राएलला जाताना सुक्कोत या यहुदी सणाच्या मांडवात लावायचं एक मोठं चित्र दिलं होतं, सात पाहुण्यांचं. उंदरांनी निम्मं खाल्लंय, लॅमिनेशनवाला म्हणतो करून देतो. करू का? – पनवेल

उत्तर : लॅमिनेशन नको. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही, आणि आतला कागद पिवळा पडतच राहतो.

ते सात पाहुणे म्हणजे अब्राहम, इसहाक, याकोब, मोशे, अहरोन, योसेफ आणि दावीद. सुक्कोतच्या प्रत्येक रात्री एकेकाला मांडवात बोलावतात. अशा चित्रांवर बहुधा आशीर्वचनं छापलेली असतात आणि त्यात देवाचं नाव असू शकतं. तसं नाव असलेला कागद यहुदी लोक फेकत नाहीत, जाळत नाहीत. तो वेगळा साठवून ठेवतात आणि पुढे पुरतात. पनवेलला सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, आहे. उरलेला भाग पातळ पुठ्ठ्यावर ठेवून तिथे घेऊन जा आणि वाचून घ्या. नाव नसेल तर फोल्डरमध्ये ठेवा, अर्धं असलं तरी. नाव असेल तर काय करायचं ते त्यांनाच विचारा. नेण्याआधी फोटो मात्र काढा, दोन्ही बाजूंचे, उजेडात, शेजारी पट्टी ठेवून.