‘मॅडम, आधी कुठला हप्ता भरू?’

मंदी आली की माझ्यासारख्या समुपदेशकासमोर बसणारी माणसं बदलतात, प्रश्न तोच राहतो. २०१९ मध्ये पुण्याजवळच्या चाकण-भोसरीतल्या कारखान्यांत ब्लॉक क्लोजर लागले, म्हणजे मागणी नाही म्हणून काही दिवस काम बंद ठेवलं गेलं, तेव्हा हा प्रश्न फिटर आणि सुपरवायझर विचारत होते, २०२० मध्ये हॉटेलांतली आणि दुकानांतली माणसं, आणि हल्ली हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत काम नाही म्हणून बेंचवर बसवलेली मुलं-मुली विचारतात. ‘पैसे एवढेच, हप्ते एवढे. आधी कुठला भरू?’

प्रश्न हिशेबाचा वाटतो, म्हणून लोक आधी बँकेतल्या ओळखीच्या माणसाला गाठतात. झोप उडाली, घरात आवाज चढायला लागले, की मग समुपदेशकाची आठवण होते. माझ्या मते हा प्रश्न हिशेबाचा आहेच, पण हप्त्यांचा क्रम बहुतेक घरांत हिशेब ठरवत नाही, भीती ठरवते. ती बाजूला केल्याशिवाय कागद-पेन्सिल काही कामाची नसते. संदीपची गोष्ट त्यासाठीच सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत, आकडे थोडे गोल केले आहेत.

संदीप चौतीस वर्षांचा, चाकणला गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लाइन सुपरवायझर. मोशीत वन बीएचके, बायको वैशाली घरी ब्लाउज शिवते, दोन मुलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत ३१ टक्क्यांहून जास्त घसरली होती, आणि गाड्याच उठत नसतील तर पत्र्याचे पार्ट कोण घेणार? ओव्हरटाइम बंद झाला, महिन्यातले काही दिवस कंपनीच बंद राहू लागली. हातात येणारे ४८,००० रुपये ३४,००० वर आले.

जावक अशी होती: गृहकर्ज १७,९००, मोटारसायकल ३,१००, वैयक्तिक कर्ज ७,०३०, क्रेडिट कार्डाचा ‘मिनिमम ड्यू’ म्हणजे किमान भरायची रक्कम ४,२००, टीव्हीचा हप्ता १,८००, भिशी २,०००. बेरीज ३६,०३०. वैशालीच्या शिलाईचे सहा हजार धरूनही चार माणसांच्या घरखर्चाला चार हजार उरत. बाकी सगळं कार्डावर चाललं होतं.

पहिल्या भेटीत तो एकटाच आला. बोलता बोलता त्याचा फोन सतत थरथरत होता आणि दर वेळी तो स्क्रीन उलटी करून ठेवायचा. मी विचारलं, ‘गेल्या महिन्यात काय काय भरलंत?’

‘टीव्हीचा भरला. कार्डाचा मिनिमम भरला. भिशी दिली. घराचा बाउन्स झाला.’

‘टीव्ही आधी आणि घर नंतर?’

‘टीव्हीवाल्याचा माणूस सोसायटीच्या गेटवर येऊन उभा राहिला होता, मॅडम. वॉचमनसमोर. बँकेचा नुसता मेसेज आला.’

हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता पहिल्याच भेटीत हाच प्रश्न विचारते: सगळ्यात जास्त फोन कोणाचे येतात? बहुतेक वेळा पैसे तिकडेच गेलेले असतात. आणि गोम अशी की ज्यांच्याकडे तारण काही नसतं, तेच जास्त आरडाओरडा करतात. त्यांच्या हातात तेवढंच असतं. गृहकर्ज देणारी बँक सुरुवातीला शांत असते, कारण घर तिच्याकडे गहाण असतं. तिथे हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं, मग तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते, आणि त्यानंतर घराचा ताबा. म्हणजे जिथे नुकसान सगळ्यात मोठं, तिथून आवाज सगळ्यात कमी.

पण हे त्याला नुसतं सांगून भागलं नसतं. डोक्याला कळलं तरी गेटवर माणूस दिसला की हात खिशात जातोच. ‘त्याने वॉचमनसमोर पैसे मागितले तर काय होईल?’ असं विचारल्यावर तो पटकन म्हणाला, ‘मग राहिलं काय?’ माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे. माणसाला घटना जेवढी छळते, त्याहून जास्त त्या घटनेबद्दलची त्याची पक्की समजूत छळते, असं मी मानते. संदीपची समजूत सरळ होती: कर्त्या पुरुषाचा हप्ता चुकला तर तो माणसातून उठला. त्या समजुतीवर आम्ही दोन-तीन भेटी घालवल्या, आणि खरं सांगायचं तर ती माझ्या बोलण्याने हलली नाही. हलली ती त्याच्याच कामावरून.

मी विचारलं, ‘शिफ्टमध्ये एकाच वेळी तीन मशिनं बिघडली आणि फिटर एकच आहे. आधी कुठल्यावर पाठवता?’

‘जे बंद पडलं की पुढची सगळी लाइन थांबते, त्याच्यावर.’

‘जे जास्त आवाज करतंय त्याच्यावर नाही?’

‘आवाज काय मॅडम, नुसता बेल्ट सैल असला तरी होतो.’ एवढं बोलून तो थांबला. मग फोन उचलून त्याने नंबरांची यादी पाहिली आणि म्हणाला, ‘टीव्ही म्हणजे सैल बेल्ट आहे.’

अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवावं. मी ठेवलं. पुढची दहा मिनिटं तोच बोलत होता: घर गेलं तर लाइन थांबते, मोटारसायकल गेली तर मोशीहून चाकणला पहिल्या शिफ्टला पोचणं मुश्कील, किराणा, वीज आणि आईचं ब्लडप्रेशरचं औषध तर सगळ्याच्या आधी. हप्ता चुकण्याची लाज तशीच होती, पण आता क्रम ती ठरवत नव्हती. हा क्रम मी पहिल्याच दिवशी छापील कागदावर देऊ शकले असते. तो कागद घरी जाऊन फ्रिजवर लागला असता आणि गेटवरच्या माणसाला पैसे मिळतच राहिले असते.

पुढच्या भेटीला वैशाली आली. त्याने तिला ‘ओव्हरटाइम जरा कमी झालाय’ एवढंच सांगितलं होतं. कागद टेबलावर पसरल्यावर ती चिडेल, रडेल, अशी त्याची अपेक्षा होती. तिने बेरीज दोनदा तपासली आणि म्हणाली, ‘अहो, किती कमी पडतात तो आकडा सांगा ना. अंदाजावर मला महिना काढता येत नाही.’ मग कार्डाचं स्टेटमेंट तिने स्वतःकडे ओढलं.

ते स्टेटमेंट इथे उलगडून दाखवते, कारण जवळपास प्रत्येक घरात गळती तिथे असते. बाकी ८४,००० रुपये. व्याज महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे २,९४०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५२९ रुपये. मिळून ३,४६९. संदीप भरत होता ४,२००. म्हणजे मुद्दल कमी होत होतं ७३१ रुपयांनी, तेही महिनाभर कार्ड अजिबात वापरलं नाही तर. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा कार्डावर घेतला की त्याच दिवसापासून व्याज. ‘मिनिमम भरतोय ना’ म्हणून निर्धास्त राहणारी माणसं यात वर्षानुवर्षं अडकून पडतात.

वैशालीने दोन गोष्टी सुचवल्या, दोन्ही तिच्याच. बारा जणांच्या भिशीत त्यांचा नंबर अजून लागला नव्हता. अडचण सांगून तो आधी मागायचा, २४,००० मिळतील. आणि तिच्या पाटल्या. अडीच तोळ्यांच्या पाटल्यांवर सरकारी बँकेत ६०,००० चं सोनेतारण कर्ज झालं, व्याज दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे महिन्याला ५००. कार्ड त्याच आठवड्यात पूर्ण फिटलं.

सोनेतारणाला मी सहज हो म्हणत नाही. पाटल्या बाईच्या असतात. तिने आपणहून काढल्या तरच. व्याज दर महिन्याला भरायचं. ‘वर्षाने एकदम भरू’ म्हणणाऱ्यांचं सोनं लिलावात गेलेलं पाहिलं आहे. आणि कार्ड फेडल्या दिवशीच बंद करण्याचा लेखी अर्ज द्यायचा, बाकी शून्य असल्याचं पत्र घ्यायचं. हे न केलेल्या घरांत सहा महिन्यांनी कार्ड पुन्हा भरलेलं असतं आणि सोनंही बँकेतच असतं.

गृहकर्जासाठी संदीप हप्ता आणखी चुकायच्या आत शाखेत गेला. सोबत सहा महिन्यांच्या पगारस्लिपा, कंपनीची ब्लॉक क्लोजरची नोटीस आणि अर्जाच्या दोन प्रती, एकीवर पोच घेण्यासाठी. बाकी १९ लाख, व्याज ८.९ टक्के, उरलेले २१० महिने. मुदत ३०० महिने करून हप्ता १५,८०० वर आला. महिन्याला दोन हजार सुटले, पण शेवटपर्यंत असंच चालवलं तर एकूण व्याज जवळजवळ दहा लाखांनी वाढतं. म्हणून मुदत वाढवायची ती हात सुटेपर्यंत, नंतर हप्ता पुन्हा चढवायचा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरायला दंड नसतो, हे अनेकांना ठाऊकच नसतं. वैयक्तिक कर्जाची दीड लाखाची बाकी त्या बँकेने पाच वर्षांवर ताणून हप्ता ३,६५० केला. सगळ्या बँका हे करत नाहीत, आणि केलं तर पतअहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, तशी नोंद होऊ शकते. ती हप्ते बुडवल्याच्या नोंदीपेक्षा बरी.

नवी बेरीज २६,८५०. शिलाईचे धरून घराला तेरा हजारांच्या वर उरू लागले. ओढाताण होती, पण आता ती दोघांना माहीत होती. तीन महिन्यांनी टीव्ही संपणार होता, पाच महिन्यांनी भिशी.

माझ्याकडे येणाऱ्या इतरांसाठी काही गोष्टी, सुट्या सुट्या.

पगाराचं खातं आणि थकलेलं कार्ड एकाच बँकेत असेल तर बँक त्या खात्यातून परस्पर वळती करू शकते. आधी पगार दुसऱ्या बँकेत वळवून घ्या.

पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ ला असेल तर तारीख बदलून मागा. एक हप्ता बाउन्स झाला की तुमची बँक आणि कर्ज देणारा दोघेही दंड लावतात, आणि तोच पुन्हा लावला गेला तर पुन्हा.

‘जेल होईल का?’ हे कुजबुजत विचारलं जातं. पैसे नसल्यामुळे कर्ज थकणं हा गुन्हा नाही. चेक परत जाणं किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता बाउन्स होणं यावर मात्र फौजदारी तक्रार होऊ शकते. तशी कायदेशीर नोटीस मिळाली तर भरायला पंधरा दिवस असतात. ती कपाटात टाकू नका, वकिलाला दाखवा.

वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांत बदनामी करायची नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आला तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा, फोनची वेळ वहीत लिहा, बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी क्रमांक १४४४८.

फोनवरच्या कर्ज ॲपने हप्ता भरण्यासाठी आणखी एक कर्ज घ्यायचा मोह सगळ्यात महागात पडतो. ॲपमागची बँक किंवा वित्तसंस्था कोणती ते लिहिलेलं नसेल, किंवा ते तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो मागत असेल, तर तिथेच थांबा.

‘थोडे भरा, बाकी माफ’ अशी सेटलमेंट मोहक वाटते, पण पतअहवालात ‘सेटल्ड’ असं राहतं आणि पुढचं कर्ज अडतं. अगदीच इलाज नसेल तर लेखी पत्र हातात आल्यावरच पैसे द्या.

नोकरी जाणार असं दिसलं तर आरोग्य विमा आधी बघा. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे शेवटच्या दिवसाच्या आत विचारायचं. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, खुशाल थांबवा. टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याचा हप्ता मात्र थांबवू नका.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, आधी मेअखेरपर्यंत, नंतर ऑगस्टअखेरपर्यंत. संदीपचा फोन आला. त्याने मोटारसायकल आणि सोनेतारण चालू ठेवलं होतं, गृहकर्ज तेवढं तीन महिने थांबवायचं ठरवलं होतं. ‘व्याज साधारण बेचाळीस हजार चढेल, मॅडम. पण तेवढे पैसे हातात राहिले तर किराणा आणि आईचं औषध निघतं. कंपनी कधी उघडेल सांगता येत नाही.’ हा हिशेब त्याने मला सांगितला, मी त्याला नाही. मला त्यात काढण्यासारखं काही सापडलं नाही. एवढंच विचारलं की चढलेलं व्याज बँक मुदतीत घालणार की हप्त्यात, हे लिहून घेतलंत का? ते राहिलं होतं. त्याच संध्याकाळी त्याने शाखेला ईमेल टाकला.