हार्ड डिस्क घेताना कंपनी नको, मॉडेल नंबर विचारा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: घरचा डेस्कटॉप आठ वर्षांचा. आतली एक टीबीची डिस्क फोल्डर उघडताना अडते, मधूनच टकटक वाजते. त्यात सासूबाईंच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग आणि मुलांचे फोटो. दीर म्हणतात हिताचीच घ्या, इंदूरच्या आरएनटी मार्गावरचा दुकानदार म्हणतो कॅमेऱ्यावाली (सीसीटीव्हीसाठी असते ती) दोन टीबी घेऊन जा. मग भरवशाची कंपनी कोणती?

खरेदी उद्यावर टाका. आज आधी भजनं आणि फोटो एखाद्या पेनड्राइव्हवर किंवा कोणाची तरी एक्स्टर्नल डिस्क मागून तिच्यावर उतरवून घ्या. त्याआधी डिस्क "रिपेअर" करायला जाऊ नका, डीफ्रॅग, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं, तर मुळीच नको. मरायला टेकलेल्या डिस्कला या गोष्टी तासन्‌तास पळवतात. टकटक थांबेनाच आणि डिस्क दिसायचीही बंद झाली, तर मशीन बंद करा आणि रिकव्हरीवाल्याकडे जा. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा.

कॉपी झाली की क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि ०५, सी५, सी६ या तीन ओळींचे शेवटचे आकडे बघा. ०५ म्हणजे डिस्कने बाद करून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडलेले आणि अजून निकाल न लागलेले, सी६ म्हणजे दुरुस्तच न झालेले. हे आकडे नेहमीच्या दहाच्या नाही, सोळाच्या पायात (हेक्स) दिसतात बरं का, म्हणजे १० दिसलं तर ते सोळा. सी५ वाढत असेल तर डिस्क गेलीच समजा. हे तिन्ही शून्य आणि नुसता सी७, म्हणजे केबलमधून माहिती येता-जाता झालेल्या चुकांचा आकडा, वाढतोय, तर बहुधा डिस्क बरी असून तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल खराब असते. आमच्या लोकमान्य नगरातल्या मामांनी नवी डिस्क आणून ठेवली होती, काम भागलं केबलवर. सी७चा जुना आकडा पुसला जात नाही, तो वाढायचा थांबला की झालं. तुमच्याकडे टकटक आहे म्हणून केबलची आशा फार धरू नका.

आता कंपनी. दिरांना सांगा, हिताचीचा डिस्कचा धंदा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे गेला, सॅमसंगचा त्याआधीच २०११ मध्ये सीगेटकडे. आज उरल्या तीनच: सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन साठवणूक कंपनी २०१३ पासूनची तिच्या हजारो डिस्कची आकडेवारी उघड करते. ती चाळली तर दिसतं की एकाच कंपनीचं एक मॉडेल वर्षानुवर्षं चालतं आणि दुसरं धडाधड मरतं. सीगेटचं तीन टीबीचं एसटी३०००डीएम००१ तिथे बदनाम झालं, पण त्याच सीगेटची इतर मॉडेलं उत्तम चालली. म्हणून दुकानात पूर्ण मॉडेल नंबर विचारा.

त्या नंबरवरून पहिली गोष्ट शोधायची ती सीएमआर की एसएमआर. हे डिस्कवर लिहिण्याचे दोन प्रकार. सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी सुटे असतात. एसएमआर डिस्कमध्ये जास्त माल मावावा म्हणून पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात, तसंच इथे थोडं बदलायला शेजारचं पुष्कळ पुन्हा लिहावं लागतं. सुरुवातीला डिस्क राखीव जागेत लिहून वेळ मारून नेते, पण मोठी कॉपी लावली की ती जागा भरते आणि वेग कोसळतो. बॅकअप टाकून कपाटात ठेवायला चालेल, विंडोज टाकायला अजिबात नको. खोक्यावर हे बहुधा लिहिलेलं नसतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने न सांगता आपल्या काही रेड नावाच्या डिस्कमध्ये हेच घातल्याचं उघड झालं, मग यादी जाहीर करावी लागली. सीगेटच्या बॅराकुडा मालिकेतली एक टीबी, एसटी१०००डीएम०१०, सीएमआर आहे. दोन टीबीची एसटी२०००डीएम००८ एसएमआर. दुकानदार दुसरीच्या २५६ एमबी कॅशचं (डिस्कच्या आतल्या तात्पुरत्या मेमरीचं) कौतुक करील, पहिलीत ६४च आहे. भुलू नका.

कॅमेऱ्यावाली, म्हणजे वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक, घरी चालत नाही असं नाही. पण ती दिवसरात्र सलग लिहिण्यासाठी घडवलेली असते, तुमचं काम म्हणजे इकडचं तिकडचं वाचणं. मला भीती वेगळीच आहे. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यातून, निघालेल्या डिस्क पुसून, नव्या पिशवीत घालून विकल्या जातात. मला एकाने दिली होती, "भिया, एकदम पैक माल है." घरी आणून बघतो तर साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे, आणि चालू तासांचा आकडा १९ हजारांवर. म्हणजे दोन वर्षांहून जास्त अखंड राबलेली! परत केली, पण पक्कं बिल होतं म्हणून. हल्ली तो आकडाही शून्य करतात. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत अशा जुन्या सीगेट एक्सॉस (सर्व्हरसाठीच्या डिस्क) नव्या म्हणून विकलेल्या सापडल्या, त्या पकडल्या गेल्या डिस्कच्या आतल्या फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीवरून. स्मार्टसीटीएल हे साधन ती नोंद दाखवतं. शिवाय डिस्कचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा, पैसे द्यायच्या आधी, दुकानातच, मोबाइलवर. सीगेटची बॅराकुडा आणि वेस्टर्न डिजिटलची ब्लू यांना दोन वर्षं, वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस आणि सीगेटची आयर्नवुल्फ यांना तीन. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, भजनं नाही.

मी तुमच्या जागी असतो तर विंडोजसाठी ५०० जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) घेतली असती, आठ वर्षांच्या बोर्डवरही बसते. एम.२ (थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी एसएसडी) नको, तिचा खाचा तुमच्या बोर्डवर आहे की नाही ते उघडून बघितल्याशिवाय कळणार नाही. फोटो-भजनांसाठी एक टीबीची सीएमआर, आणि तेच सगळं आणखी एका एक्स्टर्नल डिस्कवर, जी एरवी कॉम्प्युटरला जोडलेली नसेल. ही तिसरी एसएमआर असली तरी चालेल. नवी आणल्यावर लगेच काही भरू नका. आधी पूर्ण फॉरमॅट करा, क्विकवाला नाही. रात्री लावून ठेवा, काही तास चालेल. सकाळी पुन्हा ०५ आणि सी५ बघा, शून्य नसतील तर तडक दुकानात.

जुन्या डिस्कचा सी५ किती आला तेवढं कळवा. आकडा दोन अंकी असला तर कॉपी कोणत्या क्रमाने करायची ते सांगतो, आधी भजनं.