काउंटर काढावेत का?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या सहकारी पत सोसायटीच्या शाखेचे नूतनीकरण होणार आहे. बरेच व्यवहार मोबाइलवर होत असल्याने काउंटर काढून यंत्रेच बसवावीत का?

उत्तर : तसे करू नये. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून किरकोळ देणीघेणी फोनवर गेली, हे खरे. परंतु आता शाखेत येणारा माणूस बहुधा कर्ज, वारसनोंद किंवा अडकलेले पैसे यांसाठी येतो, आणि ते बोलणे काचेआड उभ्याने होत नाही. म्हणून दोनच काउंटर ठेवावेत आणि उरलेल्या जागेत समोरासमोर बसण्याची टेबले मांडून संगणकाचा पडदा ग्राहकालाही दिसेल असा फिरता ठेवावा. दाराची पायरी एक फूट उंच असेल, तर चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार बारा फूट लांब हवा. फलकांवर कन्नडबरोबर मराठीही असावी. दारालगत ओल्या छत्र्यांसाठी निथळती जागा करावी. खानापूरच्या पावसातही आराखडा करणारे ती हमखास विसरतात.