सायकल-सल्ला : घाटातल्या मार्गाची रेकी

प्रश्न : डिसेंबरमधल्या एका रविवारी आमच्या गटाला छत्रपती संभाजीनगर–सिल्लोड–फर्दापूर आणि त्याच रस्त्याने परत, अशी २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) ठेवायची आहे. सुरुवात सकाळी ६ वाजता. रेकी, म्हणजे मार्गाची आगाऊ पाहणी, कशी करावी? दोघे चांगले चालवणारे गेले तर पुरे का?
— एक वाचक, सिल्लोड

उत्तर : पुरे नाही. चांगले चालवणारे दोघे साडेदहाच्या सुमारास फर्दापूरला पोचतील, चहा घेतील आणि ऊन चढायच्या आत अजिंठ्याचा घाट चढून वर येतील. परतल्यावर “मार्ग सोपा आहे” असे सांगतील, आणि त्यांच्यापुरते ते खरेही असेल. पण २०० किमीला मुदत साडेतेरा तासांची असते. १०० व्या किमीचा कंट्रोल (वाटेत हजेरी नोंदवायचा थांबा) ६ तास ४० मिनिटांनी, म्हणजे दुपारी १२.४० ला बंद होतो. शेवटच्या सायकलस्वारासाठी घाट सुरू होतो तो तिथून, भर दुपारी, १०० किमी पायांत साचल्यावर. रेकी याच माणसाच्या वेळापत्रकाने करायची असते.

म्हणून निदान एकाने मुद्दाम हळू जावे. ताशी १८ किमीने १०० किमीला ५ तास ३३ मिनिटे लागतात; थांबायला उरतात ६७ मिनिटे. पाणी, नाश्ता, लघवी, एक पंक्चर हे सगळे त्यात बसते का, ते घड्याळ लावून पाहावे. अंगावर आणि सायकलवर सामान ब्रेव्हेच्या दिवशी असेल तेवढेच ठेवावे.

डिसेंबरात आपल्याकडे उजाडायला जवळपास सात वाजतात आणि सूर्य सहाच्या आत मावळतो. म्हणजे पहिला तास अंधाराचा, आणि शेवटच्यांचा फुलंब्री ते शहर हा टप्पाही अंधाराचा. तेवढा भाग रात्री वेगळा चालवून पाहाच. उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि मागच्या ट्रॉलीला बहुतेकदा दिवा नसतो. दिवसा हे लक्षातही येत नाही. दिवे आणि परावर्तक जाकीट यांची तपासणी सुरुवातीच्या रेषेवर सक्तीची ठेवा.

वार चुकवू नका. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवारच्या रेकीत फर्दापूरची वर्दळ दिसणार नाही. वाटेतल्या गावांचे आठवडी बाजार कोणत्या वारी भरतात, तेही विचारून ठेवा.

नोंदी किमीच्या आकड्यासह करा. पाण्याची खात्रीची जागा, महिलांसाठी वापरता येईल असे स्वच्छतागृह, पट्टे पुसलेले गतिरोधक, घाटात मोबाइलला रेंज नसलेला तुकडा, कडेला मका वाळत घातलेली ठिकाणे. सिमेंटच्या रस्त्यावरचे लांबीतले सांधे वेगळे लिहा. त्यातल्या फटीत २५ मिमीचा टायर अडकला की सायकल वळत नाही, माणूस पडतो. पंक्चरची दुकाने खूप आहेत, पण ट्यूबच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला त्यांचा पंप बसत नाही. पितळी अडॅप्टर सोबत हवा, हे सूचनापत्रकात लिहा. वैद्यकीय मदतीसाठी सिल्लोडचे उपजिल्हा रुग्णालय आणि १०८ क्रमांक पत्रकात असावेत.

ही झाली मुख्य रेकी. ब्रेव्हेच्या आधीच्या आठवड्यात मोटारसायकलने एक फेरी पुन्हा मारा, कारण रस्ता कुठे खोदून ठेवतील याचा भरवसा नसतो.

प्रश्न : संभाजीनगर–दौलताबाद–खुलताबाद–म्हैसमाळ–वेरूळ–कन्नड असा चढाचा मार्ग आखतो आहोत. म्हैसमाळ कोणी गाळू नये म्हणून काय करावे? वेळा कशा काढाव्यात?
— जालना

उत्तर : खुलताबादहून सरळ वेरूळला उतरता येते, त्यामुळे म्हैसमाळचा चढ टाळण्याचा मोह होणारच. डोंगरमाथ्यावर एक कंट्रोल किंवा माहितीचा प्रश्न ठेवा. उत्तर तिथे गेल्याशिवाय कळणार नाही असे हवे. दुकानाची पाटी रंगवली जाते, म्हणून न हलणाऱ्या वस्तूवरचा आकडा घ्या. आणि कंट्रोल ते कंट्रोल सर्वांत जवळच्या रस्त्याने मोजले तरी एकूण अंतर २०० च्या खाली जाऊ देऊ नका.

पहिल्या २०० किमीत उघडण्याची वेळ म्हणजे अंतर भागिले ३४, बंद होण्याची अंतर भागिले १५. मात्र पहिल्या ६० किमीत बंद होण्याची वेळ अंतर भागिले २०, अधिक १ तास अशी धरतात. म्हैसमाळ ४० व्या किमीला येत असेल तर कंट्रोल १ तास ११ मिनिटांनी उघडेल आणि ३ तासांनी बंद होईल. १५ ने भागले असते तर २ तास ४० मिनिटेच मिळाली असती. सुरुवातीलाच चढ असलेल्या मार्गाला ही २० मिनिटे फार मोलाची आहेत. पत्रक तयार करताना बरेच जण ती विसरतात.

दौलताबादच्या दिल्ली दरवाजात वाहने अडकतात, तिथून सकाळी लवकर निघून जाता येईल अशी वेळ ठेवा. श्रावणात हा मार्ग नकोच. भद्रा मारुतीला शुक्रवारी रात्रभर माणसे पायी चालत असतात, आणि सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी.

प्रश्न : रेकीत दोघांच्या यंत्रांनी एकूण चढ वेगवेगळा दाखवला. खरा कोणाचा?
— बीड

उत्तर : बहुधा दोघांचाही नाही. नकाशावरून उंची काढणारे ॲप घाटात चुकते, कारण रस्ता डोंगराच्या कुशीत कोरलेला असतो आणि ॲप कधी शेजारच्या कड्याची, कधी दरीची उंची उचलते. असे खोटे चढउतार बेरजेत जमा होतात. हवेच्या दाबावर चालणारे यंत्र बरे, पण त्यालाही दिवस बाधतो. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास दाब जास्त असतो आणि दुपारी चारपर्यंत तो ३ ते ४ मिलिबार उतरतो. एका मिलिबारला साधारण ९ मीटर धरले, तर जागेवर उभ्या यंत्रालाही ३० मीटर चढल्यासारखे वाटते. निघताना आणि परतल्यावर त्याच जागी उंची पाहा, फरक कळेल. पत्रकात आकडा देताना कोणत्या साधनाने मोजला तेही लिहा.

अंतराचेही असेच. ७००×२८ टायरचा घेर सुमारे २१३६ मिमी असतो. मीटरमध्ये तो १० मिमीने चुकला तर २०० किमीत जवळजवळ १ किमीचा फरक पडतो. सायकलवर बसून, नेहमीच्या हवेत, चाक पाच फेरे जमिनीवर फिरवून घेर मोजावा.

प्रश्न : पुढे ५०/३४, मागे ११–२५ दातांची चक्रे आहेत. सपाटीला चांगला चालवतो, पण चढाला उतरून चालावे लागते. सराव कमी पडतो का?
— अंबाजोगाई

उत्तर : सरावापेक्षा गिअर कमी पडतो. ३४×२५ वर (पुढे ३४, मागे २५ दाते) मिनिटाला ६० पायडल मारले की वेग ताशी साडेदहा किमी येतो. सायकलसह ८५ किलो वजन ७ टक्के चढावर या वेगाने न्यायला सुमारे १९० वॅट लागतात. ३४×३२ वर तेवढ्याच फेऱ्यांना वेग ८ च्या थोडा वर राहतो आणि १५० वॅटच्या आत भागते. दिवसभर चालवताना साधारण सरावाच्या माणसाला दुसरा आकडा पेलतो, पहिल्याने मांड्या भरतात.

कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलण्याआधी मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) पाहा. आखूड पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे त्याच्या दोन पुली धरणारा भाग) बहुतेकदा २८ पर्यंतच घेतो. ३२ साठी मध्यम किंवा लांब पिंजरा लागतो. साखळीही नवी घ्या. डिरेलरमधून न नेता ती पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून ओढून पाहायची आणि त्यावर दोन कड्या जास्त ठेवायच्या. आखूड राहिली तर मोठ्यावर मोठा गिअर पडताच डिरेलर मोडतो. वरची पुली कॅसेटला घासत असेल तर बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून लांब सरकवणारा स्क्रू) आवळा.

प्रश्न : कन्नडचा औट्रम घाट उतरल्यावर तापलेल्या रिमला (चाकाच्या कडीला) हात लाववेना. ट्यूब फुटू शकते का?
— कन्नड

उत्तर : फुटू शकते. ८५ किलोचे ओझे २५० मीटर खाली येताना सुमारे २ लाख ज्यूल ऊर्जा सोडते, अर्धा लिटर पाणी सहज उकळेल इतकी. ब्रेक सतत हलका दाबून ठेवला तर यातला मोठा भाग रिममध्ये जातो आणि आतली हवा तापते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, थोडा वेळ दाबा आणि पूर्ण सोडा. सरळ भागात ताठ बसा, वाऱ्याचा अडथळा फुकटचा ब्रेक आहे. टायरवर छापलेल्या कमाल दाबापर्यंत हवा भरून घाट उतरू नका. पॅडमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे चमकते कण सुईने काढा, नाहीतर रिम खरवडली जाते. याच घाटात ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस दरडी कोसळून रस्ता बंद झाला होता. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा जाताना डोंगराकडच्या कडेला खडी आहे असे समजूनच उतरा.

प्रश्न : वेड्या बाभळीचा काटा काढला, नवी ट्यूब टाकली, दहा किमीवर पुन्हा पंक्चर.
— परभणी

उत्तर : काट्याचे टोक टायरमध्येच मोडून राहिले असणार. टायरवरचे नाव व्हॉल्व्हसमोर येईल असा टायर नेहमी बसवा. मग ट्यूबचे भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजले की टायरवरची जागा लगेच सापडते. तिथे आतून कापसाचा बोळा फिरवा, धागे अडकतील तिथे टोक आहे. ते चिमट्याने आतल्या बाजूने ओढा. बाहेरून ढकलले तर पुन्हा मोडते.