पाळीव प्राणी : वाचकांचे प्रश्न – कापशी एकटी राहिली

प्रश्न : आमच्या घरी कापशी नावाची पांढरी मादी ससा आहे. ती आता साडेआठ वर्षांची झाली. तिचा जोडीदार भुऱ्या (हा नसबंदी केलेला नर होता; कापशीची शस्त्रक्रिया मात्र आम्ही केलेली नाही) गेल्या आषाढात गेला. तेव्हापासून ती दिवसाचा बराचसा वेळ दिवाणाखाली भिंतीकडे तोंड करून बसते, सकाळी स्वयंपाकघरात येऊन पायाशी घुटमळत नाही, आणि गवत तसेच ठेवून कोथिंबीर तेवढी संपवते. मुलगी म्हणते, नवे पिल्लू आणा. ह्यांचे म्हणणे असे की या वयात तिला ते झेपणार नाही. तिला एकटीलाच आनंदात ठेवता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ठेवता येईल, परंतु आपल्या पत्रातील ज्या वाक्याने मी थांबलो ते एकटेपणाविषयीचे नाही, तर गवत आणि कोथिंबिरीविषयीचे आहे. सशाच्या समोरच्या दातांप्रमाणे त्याच्या दाढाही जन्मभर वाढत असतात आणि वाळलेले गवत चावतानाच त्या झिजतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या की त्यांची टोके जिभेला किंवा गालाला रुततात, आणि मग ससा चावायला कठीण असलेले गवत टाळून मऊ पाला तेवढा खातो. घरातल्यांना वाटते, बिचारी दुःखात आहे म्हणून खात नाही. ससा हा शिकार होणारा प्राणी असल्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या रक्तातच असते. त्यामुळे त्याचा शोक आणि त्याची वेदना बाहेरून जवळजवळ सारखीच दिसते.

म्हणून सोबतीचा विचार करण्याआधी सशांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे तिला दाखवा आणि समोरचे दात पाहून समाधान न मानता दाढाही तपासायला आवर्जून सांगा. पाठीचे मणके आणि मागचे सांधेही तपासून घ्यावेत, कारण या वयात संधिवात सर्रास आढळतो. शस्त्रक्रिया न झालेल्या वयस्क माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग वारंवार दिसतो, त्यामुळे तीही तपासणी टाळू नये. लघवी लालसर दिसली तर लगेच घाबरू नका, काही पाल्यांतील रंगद्रव्यानेही तसे होते; मात्र ती तपासून घ्यावी. कुत्र्याचे पिसवांचे औषध किंवा घरात उरलेली प्रतिजैविके सशाला कधीही देऊ नयेत. फिप्रोनिल असलेला फवारा आणि तोंडाने दिलेले अमॉक्सिसिलिन, दोन्ही त्याच्या जिवावर बेतू शकतात.

आता मूळ प्रश्न. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडील रानससे. ते बिळांच्या वसाहतीत एकत्र राहतात, त्यामुळे दुसरा ससा देतो ती सोबत माणूस पूर्णपणे देऊ शकत नाही, हे मान्य करायलाच हवे. तरीही कापशीसाठी पिल्लू आणू नये असे माझे मत आहे. पिल्लू दिवसभर उड्या मारणार, तिच्या अंगावर चढणार, आणि ती आपली जागा राखण्यासाठी चावणार; दोन अनोळखी सशांची ओळख जमायला कित्येक आठवडे जातात आणि तो ताण दुखऱ्या सांध्यांच्या वृद्ध प्राण्याने कशासाठी सोसायचा? शिवाय उद्या कापशी गेली की ते पिल्लू एकटे पडेल आणि आपण मला हेच पत्र पुन्हा लिहाल. ती तपासणीत ठणठणीत निघाली, तरच नसबंदी झालेल्या, शांत, मध्यमवयीन नराचा विचार करता येईल.

एकट्या सशाला खेळण्यांपेक्षा माणसाचा वेळ अधिक लागतो, आणि तो त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जागे व उत्साही असतात. दुपारी बारा वाजता तिला बाहेर ओढून लाड करण्यात अर्थ नाही. सकाळच्या चहाच्या वेळी आणि दिवेलागणीला अर्धा-अर्धा तास आपल्यापैकी एकाने जमिनीवर बसावे, वर्तमानपत्र वाचावे, आणि तिला आपणहून येऊ द्यावे. सशाला नाकाच्या अगदी समोरचे दिसत नाही, म्हणून हात समोरून न आणता बाजूने आणावा. जोडीदार सशाचे कपाळ, गाल आणि कानांचे बूड चाटतो. आपणही तिथेच बोटांनी हळुवार कुरवाळावे. दातांचा मंद, बारीक आवाज आला तर ती सुखावली आहे असे समजा. करकरणारा मोठा आवाज मात्र वेदनेचा असतो. उचलून मांडीवर घेणे बहुतेक सशांना आवडत नाही, म्हातारपणी तर नाहीच.

घरातल्या गुळगुळीत फरश्यांकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. त्यांवर म्हाताऱ्या सशाचे पाय घसरतात, मग तो चालणेच सोडतो आणि आपण म्हणतो, उदास झाला आहे. दिवाणापासून स्वयंपाकघरापर्यंत जुनी सतरंजी किंवा गोधडी अंथरा. कदाचित ती पुन्हा पायाशी येऊ लागेल. शौचाच्या ट्रेचा एक काठ कापून खाली करा. गवत एकाच ठिकाणी न ठेवता दोन-तीन जागी पसरा, एखाद्या खोक्यात कागदाच्या चिंध्या घालून त्यात थोडा पाला लपवा, म्हणजे हुंगण्याचे आणि उकरण्याचे काम तिला मिळेल. भुऱ्याची चादर एकदम धुऊन टाकली नसेल तर राहू द्या, तिचा वास हळूहळू विरू द्यावा.

दर रविवारी तिचे वजन करून लिहून ठेवा. पाठ वाकत नसली की सशाला मागची बाजू साफ करता येत नाही, रात्रीच्या मऊ लेंड्याही (निरोगी ससा त्या स्वतःच खातो) खाता येत नाहीत, त्या अंगाला चिकटतात. पावसाळ्यात तिथे माशी बसली तर एका दिवसात अळ्या होऊ शकतात. म्हणून मागची बाजू रोज पाहावी. वैशाखात गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवावी. आणि बारा तास तिने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा ससा पहिल्यापासून एकटाच आहे. त्याला सोबत म्हणून गिनी पिग आणला तर चालेल का? नाहीतर आरसा ठेवावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : गिनी पिग आणू नये. सशाच्या मागच्या पायांची लाथ त्या लहान जिवाला इजा करू शकते, सशाच्या श्वसनमार्गात निरुपद्रवीपणे राहणारे काही जंतू त्याला आजारी पाडतात, आणि त्याला आहारातून क जीवनसत्त्व लागते, जे ससा स्वतःच्या शरीरात तयार करतो. आरसा ठेवून पाहायला हरकत नाही. तो न फुटणारा, जमिनीलगत आणि त्याच्या बसण्याच्या जागेपासून थोडा बाजूला असावा. काही ससे त्याच्याशेजारी पाय पसरून लवंडतात. आपला ससा मात्र त्याच्याकडे पाहून मागचे पाय आपटू लागला किंवा त्या कोपऱ्यात जायचे टाळू लागला, तर आरसा त्याच दिवशी काढून ठेवावा.