वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यावरून धरलेली लहान मासळी

प्रश्न : निवृत्तीनंतर मी गळ टाकायला शिकतो आहे. गेल्या आठवड्यात सलग चार दिवस सकाळी सातच्या ठोक्याला किनाऱ्यावर जाऊन शक्य तितक्या लांब गळ फेकला, तरी एकच बोटभर मासा लागला आणि तोही सुटला. माझ्या मागे गुडघाभर पाण्यात उभी असलेली मुले मात्र पिशवी भरून नेत होती. माझे काय चुकते?

उत्तर : आपल्या प्रश्नातले ‘माझ्या मागे’ हे दोन शब्द पुन्हा वाचावेत, कारण आपण बहुधा माशांच्या डोक्यावरून गळ फेकत आहात. लाट जिथे पांढरी होऊन फुटते तिथे तळाशी वाळूचा उंचवटा असतो आणि त्या उंचवट्याच्या अलीकडे, किनाऱ्याला समांतर असा एक चर असतो, जिथे पाणी थोडे गडद दिसते आणि लाट फारशी फुटत नाही. लाटांनी ढवळलेल्या वाळूतून सुटलेले किडे, बारीक खेकडे आणि कोळंबीची पिल्ले याच चरात जमतात. त्यांच्या मागावर मुडदुशीसारखे तळाशी चरणारे लहान मासे येतात, ते कित्येकदा कोरड्या वाळूपासून पंधरावीस पावलांवरच. नवशिक्याचा सगळा जोर लांब फेकण्यावर असतो. माझाही कैक महिने होता.

हा चर भरतीच्या पाण्यात शोधणे अवघड जाते. म्हणून एकदा गळ न घेता, भर ओहोटीच्या वेळी किनारा पाहून यावे आणि डबकी कुठे राहिली आहेत ते मागच्या एखाद्या खुणेवरून लक्षात ठेवावे. पाणी चढू लागले की त्याच खुणेसमोर उभे राहावे. मात्र किनाऱ्यापासून थेट समुद्राकडे जाणारा, दोन्ही बाजूंनी लाटा फुटत असताना मध्येच शांत दिसणारा पट्टा म्हणजे हा चर नव्हे. तो माणसाला आत ओढून नेणारा प्रवाह असतो आणि त्यात पाय घालू नये.

दुसरी चूक घड्याळाची आहे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणजे पहिल्या दिवशी सात वाजता चढते पाणी असेल, तर चौथ्या दिवशी त्याच वेळी भरतीची तीच अवस्था येण्यास अडीच तास अवकाश असतो. आपण वेळ पाळली, समुद्राने मात्र आपली पाळली. माझा अनुभव असा की पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा साधारण एक तास लहान मासळीसाठी सर्वांत चांगला जातो, आणि हा काळ पहाटे किंवा तिन्हीसांजेला येत असेल तर फारच उत्तम.

साधनांबद्दल थोडेच सांगतो. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बारीक असावा आणि गळ ६ ते १० क्रमांकाचा घ्यावा. क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हे दुकानात विसरू नये. शिसे गळ वाळूवर टेकेल इतपतच असावे. आमिष गळ जेमतेम झाकेल एवढे लहान असावे, कारण मोठा तुकडा लावला की लहान तोंडाचा मासा कडा कुरतडून निघून जातो, आणि आपला सुटलेला मासा बहुधा असाच गेला. बोय मात्र एवढ्याने सहसा लागत नाही, कारण तिचे मुख्य अन्न शेवाळ आणि तळाचा गाळ आहे. ती पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, टाकूनच धरलेली बरी.

हाती आलेला लहान मासा हा जातीनेच लहान आहे, की मोठ्या माशाचे पिल्लू आहे, हे ओळखायला मात्र पहिल्या दिवसापासून शिकावे. मांदेली बोटभर लांबीची झाली तरी ती पूर्ण वाढलेली असू शकते. पुढे हातभर वाढणाऱ्या जातीचा मासा मात्र तेवढ्या लांबीचा असताना अजून एकदाही व्यालेला नसतो. तो ओल्या हाताने धरून, गळ सोडवून परत पाण्यात सोडावा.

प्रश्न : सकाळी किनाऱ्यावर पागलेल्या तारल्या दुपारी घरी आणून मी कडकडीत तळल्या. खाताना जिभेला किंचित चुरचुरले आणि अर्ध्या तासात माझा व मुलीचा चेहरा लाल झाला, डोके दुखू लागले, अंगाला खाज सुटली. संध्याकाळपर्यंत सगळे निवळले. त्यानंतर दोनदा तारल्या खाल्ल्या तेव्हा काहीच झाले नाही. मासे तर त्याच दिवशीचे आणि नीट शिजलेले होते. मग हे कशाने झाले?

उत्तर : आपण लिहिलेल्या खुणा हिस्टामिनच्या विषबाधेशी जुळतात. एकाच वेळी दोघींना त्रास होणे, जीभ चुरचुरणे आणि पुढे तोच मासा पचणे, हे सारे खऱ्या ॲलर्जीपेक्षा तिच्याकडेच बोट दाखवते. तरीही डॉक्टरांच्या कानावर घालावे, आणि श्वास लागला किंवा घसा सुजला तर क्षणभरही थांबू नये.

तारली, बांगडा अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा मेल्यावर उबेत राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात, आणि एकदा बनलेले हिस्टामिन तळून, उकळून किंवा भाजून जात नाही. म्हणून ‘त्याच दिवशीचा मासा’ ही खात्री पुरेशी नसते. सकाळपासून दुपारपर्यंत तो कशात होता, हा खरा प्रश्न आहे. आपण ते लिहिलेले नाही, पण मला बादली दिसते आहे : अर्धी समुद्राच्या पाण्याने भरलेली, उन्हात ठेवलेली, आणि त्यात दाटीवाटीने टाकलेले मासे. तेवढ्या पाण्यातला प्राणवायू भराभर संपतो, मासे गुदमरून मरतात आणि मग तासन्‌तास कोमट पाण्यात पडून राहतात. स्वयंपाकघरात पुढे कितीही निगुतीने केले तरी बादलीत झालेले नुकसान भरून येत नाही.

यावर उपाय म्हणजे झाकणाचा डबा आणि बर्फ. उन्हाच्या दिवसांत माशांच्या वजनाइतका बर्फ न्यावा, त्यात समुद्राचे थोडे पाणी घालून काला करावा आणि मासा सुटताक्षणी त्यात बुडवावा. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांपेक्षा हा काला माशाला सर्व बाजूंनी भिडतो आणि फार लवकर थंड करतो. घरी आणलेले मासेही ४ अंश सेल्सिअसच्या आतच ठेवावेत. किनाऱ्यावर माझ्या बर्फाच्या डब्याची थट्टा होते, पण तो घेतल्याशिवाय मी निघत नाही.

प्रश्न : लहान मासे तळताना तव्याला चिकटतात, धनुष्यासारखे वाकतात आणि उलटताना तुटतात. पीठ जास्त लावले तर चिखल होतो. शिवाय एवढे मासे साफ करायला तास जातो.

उत्तर : साफ करण्यापासून सुरुवात करू. मांदेलीएवढ्या माशाला सुरी लागत नाही. मासा डाव्या हातात धरून डोक्यामागे कल्ल्यांपाशी अंगठा आणि तर्जनीने चिमटा घ्यावा आणि डोके खाली, पोटाच्या दिशेने ओढावे. सवय झाली की डोक्याबरोबर आतडीही एका दोऱ्यासारखी निघून येतात. तारलीचे खवले सैल असतात, म्हणून ती पाण्यात बुडवून शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरवला तरी ते सुटतात. फक्त तिच्या पोटाची कड करवतीसारखी असते, तेवढी कात्रीने कापून टाकावी.

चिकटणे आणि चिखल, दोन्ही पाण्यामुळे होतात. मासे धुऊन मीठ लावावे, पंधरा मिनिटांनी सुटलेले पाणी काढून टाकावे आणि प्रत्येक मासा कापडाने आतून-बाहेरून टिपावा. पीठ तेलात सोडण्याच्या क्षणी लावावे आणि झटकावे, कारण पीठ लावून ठेवलेला मासा दहा मिनिटांत ओला होतो. तेल १८० अंशांच्या आसपास असावे. पावाचा चुरा टाकताच बुडबुडे काढत वर आला की ते तापले असे समजावे. एका वेळी थोडेच मासे सोडावेत, नाहीतर तेल निवते. खालची बाजू पक्की झाली की मासा आपोआप सुटतो, तोवर त्याला उलथने लावू नये.

वाकण्याचे कारण थोडे वेगळे आहे. मासा मेल्यावर काही काळ ताठरतो आणि त्या अवस्थेत तापल्या तेलात पडला की पीळ घेतो. तो ताठरपणा उतरेपर्यंत बर्फात ठेवावा, किंवा घाई असेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन उथळ चिरा द्याव्यात. या मार्गाने बोटभर मासा इतका कुरकुरीत होतो की काटेही चावून खाता येतात.

प्रश्न : गळाला लागलेला एक मासा हातात घेताच चेंडूसारखा फुगला. तो खाण्याजोगा असतो का?

उत्तर : नाही. तो केंड असावा. त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि काही जातींच्या कातडीतही टेट्रोडोटॉक्सिन हे जीवघेणे विष असते आणि ते शिजवून नष्ट होत नाही. त्याचे दात तंगूस तोडण्याइतके धारदार असतात, म्हणून बोट तोंडाजवळ न नेता चिमट्याने गळ सोडवावा आणि मासा पाण्यात जाऊ द्यावा.