एका वेळापत्रकाने दोन गावांचे गवत कापता येत नाही

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची २० गुंठे वडिलोपार्जित जागा असून तिच्या कडेला काजू आणि आंब्याची काही झाडे आहेत. सोलापूरला राहत्या घरापुढे सुमारे १,००० चौरस फुटांची हरळीची हिरवळ आहे. दोन्हीकडची कापणी एकाच ठेकेदाराला दिली आहे आणि तो जुलै, ऑक्टोबरअखेर, जानेवारी व एप्रिल अशी वर्षातून चारदा येतो. राजापूरला जुलैत कापलेले गवत आम्ही गणपतीला गेलो तेव्हा कमरेच्या वर गेले होते. सोलापूरची हिरवळ मात्र एप्रिलमधील कापणीनंतर करपली, ती अजून सावरलेली नाही. गावाकडचे आप्त सांगतात की मार्चमध्ये एकदा पेटवून द्या, म्हणजे कटकट मिटेल. काय करावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपल्या ठेकेदाराने काम चुकवलेले दिसत नाही, त्याने दोन वेगळ्या हवामानांना एकच वेळापत्रक लावले, हा खरा घोटाळा आहे. राजापूरच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भार जून ते ऑगस्टमध्ये असतो. सोलापूरच्या वाट्याला त्याचा साधारण पाचवा हिस्सा येतो आणि तिथला सर्वांत भरवशाचा महिना सप्टेंबर आहे. म्हणजे राजापूरचे गवत जुलैत जोर धरते, तर सोलापूरचे पाऊस परतीला लागताना. कापणीची वेळ या जोरावरून ठरवायची असते.

आधी राजापूर. जुलैत सगळी जागा खरडून काढणे हे तिथे दुहेरी नुकसानीचे काम आहे. पुढे दीड-दोन महिने पाऊस असल्याने गवत पुन्हा वाढतेच, शिवाय जागा उताराची असेल तर उघडी पडलेली तांबडी माती पाण्याबरोबर निघून जाते आणि खालचा जांभा दगड वर येतो. म्हणून त्या वेळी फक्त पायवाट आणि कलमांच्या बुंध्याभोवतीची आळी मोकळी करावीत, बाकीचे गवत उभे ठेवावे. मुख्य कापणी गणपती पाण्यात गेल्यानंतर आणि दसऱ्याच्या आत उरकावी. नेमका दिवस गवतच सांगते. तुरा चिमटीत धरून नखाने दाबा. दाण्यातून पांढरे दूध आले तर आठवडाभरात कापणी झाली पाहिजे. दाणा कडक लागला आणि तुरा बोटांत सुटू लागला, तर बी जमिनीवर पडायला सुरुवात झाली आहे आणि पुढच्या वर्षाचे रान आपणच पेरले, असे समजावे. ऑक्टोबरअखेरची आपली कापणी नेमकी इथे उशिरा पडते.

पेटवून देण्याचा सल्ला मात्र कृपा करून ऐकू नका. मार्चमध्ये काजू आणि आंबा फळावर असतो, वारा दुपारनंतर फिरतो आणि आपल्या २० गुंठ्यांतला जाळ शेजाऱ्याच्या बागेत जायला काही मिनिटे पुरतात. एवढे करून गवतही मरत नाही. कुसळी या गवताचे एक बी हातात घेऊन पाहा : टोकदार बी आणि त्याला पिळा पडलेले लांब कूस. ओलावा लागला की कूस उलगडते, सुकले की पुन्हा पिळते आणि त्या फिरण्याने बी स्क्रूसारखे मातीत शिरते. वरून वणवा गेला तरी मातीतले बी शाबूत राहते. आगीची भीती असेल तर डिसेंबरात जागेच्या हद्दीने १० फूट रुंदीची जाळरेषा गवत कापून आणि पालापाचोळा ओढून मोकळी ठेवावी. कापलेले गवत आंब्याच्या बुंध्याला टेकवून रचू नये. ही चूक फार जण करतात आणि पुढे गवतासकट झाडही गमावतात.

जागेत घाणेरी किंवा रानमोडी यांसारखी रानटी झुडपे माजली असतील तर त्यांना ग्रासकटर लावून उपयोग नाही, कारण ती बुडख्यातून दुप्पट फुटतात. भर पावसात माती मऊ असताना कुदळीने मुळासकट उपटणे हाच मार्ग आहे. एप्रिलमध्ये त्याच मातीत कुदळ घुसत नाही. सोलापूरकडे हीच गोष्ट वेड्या बाभळीला लागू पडते. गडी लावताना गमबूट आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण जांभ्याच्या खड्यावर पाते आपटले की खडा गोळीसारखा उडतो, आणि त्या भागात फुरसे हा विषारी साप गवताच्या बुडाशी असतो. मोठी झाडे तोडायची असतील तर थांबा : साग, खैर, आंबा, फणस, ऐन, किंजळ यांसारख्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यानुसार स्वतःच्या जागेतही पूर्वपरवानगी लागते.

सोलापूरच्या हिरवळीला वर्षातून चार कापण्या म्हणजे उपासमार आणि मग अचानक मुंडण. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पाते कापू नये. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आठवड्याला एकदा कापावे आणि उंची तीन-चार सेंटीमीटर ठेवावी. एप्रिल-मेमध्ये ती पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत वाढू द्यावी, म्हणजे पात्यांची सावली मातीवर राहते आणि मुळे भाजत नाहीत. काळ्या मातीत पाऊस झाल्यावर लगेच यंत्र फिरवू नये. वाफसा येईपर्यंत, म्हणजे मातीतले जादा पाणी ओसरेपर्यंत थांबावे, नाहीतर चाकांच्या चाकोऱ्या पडतात आणि त्या वाळल्या की दगडासारख्या होतात.

प्रश्न : आमच्या बंगल्यातील हिरवळ डिसेंबरपासून पिवळी पडली आहे. माळी म्हणतो, बुडापासून कापून युरिया द्या. द्यावा का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आता देऊ नये. हरळी उन्हाळी स्वभावाची आहे. रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले की तिची वाढ मंदावते, आणि विदर्भात ते पुष्कळदा १२ अंशांच्याही खाली उतरते. पिवळेपणा हा रोग नसून विश्रांती आहे. तीन आठवड्यांतून एकदा हलकी कापणी आणि बेताचे पाणी एवढे पुरे. फेब्रुवारीत रात्री उबदार झाल्या आणि नवी कोंब दिसू लागली की थोडी खोल कापणी करून खत द्यावे. मुंबई-रत्नागिरीच्या नातेवाइकांची हिरवळ जानेवारीतही हिरवी दिसते म्हणून आपल्या माळ्याला दोष देऊ नये. तिथे थंडी अशी उतरतच नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. जुलैत हिरवळ वाढत नाही, उलट सुकते. पाणी देऊनही असे का? (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : आपल्याकडचे गवत बहुधा फेस्क्यू किंवा केंटकी ब्ल्यूग्रास असावे. ही थंडीची गवते आहेत आणि त्यांचे वर्ष इकडच्या हरळीच्या उलट चालते : एप्रिल ते जूनचा आरंभ आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर हे वाढीचे दिवस, मधला उन्हाळा सोसण्याचा. भर उन्हाळ्यात पाते तीन ते चार इंच ठेवा आणि वाढ थांबली असेल तर कापूच नका. रिकाम्या जागांत नवे बी टाकायचे असेल तर ते ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये टाका. माहेरच्या सवयीने जूनची वाट पाहू नका.